ताउलांगीची बहीण

"आता पाळी कुणाची? तुझी की माझी?" आनासेइनीताईने पडद्याआडून विचारलं.

"तुमची, ताई. पहिली खेळी तुमचीच."

सेमिसी पुढच्या खोलीत टेबलाशी उभा होता, ताई स्वयंपाकघरात बसली होती आणि मधे फुलाफुलांचा पडदा होता. वयात आलेले बहीणभाऊ एका खोलीत बसून हसतखेळत नाहीत. टोंगा बेटांवर भाऊ बहिणीचा मान राखतो तो असा, आणि सेमिसीला ऑकलंडला येऊन चाळीस वर्षं झाली म्हणून तो सोडायचा नसतो. ताई आतून खेळी सांगणार होती आणि सेमिसी बाहेर तिचे पुतळे हलवणार होता.

पुतळे अंगठ्याएवढे. मेणात कोरून, शिशात ओतून, भिंग लावून त्याने एकेक रंगवलेला. निळ्या रंगाचं फळकूट म्हणजे समुद्र, वाळू चिकटवलेली पट्टी म्हणजे किनारा. पलीकडे शत्रूच्या सात होड्या. अलीकडे एकटा ताउलांगी. आईने दोघांना लहानपणी सांगितलेली गोष्ट ती. ताउलांगी एकट्याने होडी काढतो, खडकाच्या फटीत शत्रूला अडवतो, गाव वाचवतो आणि परत येत नाही. बहीण किनाऱ्यावर बसून त्याला जाताना बघते. एक शब्द बोलत नाही.

बायको गेल्यावर सेमिसीने हा खेळ मांडला. मूलबाळ नव्हतंच. संध्याकाळी कामावरून यायचं, दिवा लावायचा, फासे टाकायचे. आधी या खुर्चीवर बसून ताउलांगी व्हायचं, मग टेबलाला वळसा घालून शत्रू व्हायचं. जिंकला तरी तोच, हरला तरी तोच. दुधाची तहान ताकावर भागवणं म्हणतात ते हे. खेळांच्या दुकानात शनिवारी पोरं जमत, पण त्यांना ड्रॅगनचे खेळ हवे असत. दुकानदार मात्र भला माणूस होता. तो म्हणाला होता, "तुला सोडून निदान एका माणसाने हा खेळ शेवटपर्यंत खेळू दे. मग मी तुला दुकानात टेबल देतो. चार लोक येतील, बसतील तुझ्याबरोबर."

असा माणूस काही मिळत नव्हता. ताई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी टोंगाहून आली, महिनाभर राहिली, आणि सोमवारच्या विमानाने परत निघाली होती. आज नाही तर कधीच नाही, म्हणून सेमिसीने पडद्याशी उभं राहून घसा खाकरून विचारलं होतं. ताई हसली होती. "साठी उलटली आणि बाहुल्या खेळतोस होय रे? सांग, काय करायचं."

"होडी पाण्यात घालू का, ताई?" त्याने आता विचारलं. "की आधी वारा बघता?"

"माझ्याकडे कोण कोण आहे म्हणालास?"

"ताउलांगी. त्याचा भाला, त्याची होडी. आणि किनाऱ्यावर त्याची बहीण."

"ती काय करते?"

"काही नाही. म्हणजे तिला चाल नाही, हत्यार नाही. डावात एकदा तिला बोलता येतं. ती जे बोलेल ते त्याने ऐकलंच पाहिजे."

हा नियम त्याने लोकलाजेखातर घातला होता. उद्या एखादा टोंगन माणूस खेळायला बसला तर म्हणायचा, बहिणीचा शब्द मोडतो तो कसला वीर? पण स्वतः खेळताना त्याने तो कधी वापरला नव्हता. गोष्टीतली बहीण गप्प होती, म्हणून टेबलावरचीही गप्प राहिली.

आत पातेल्यावरचं झाकण निघालं. नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूच्या पानांचा वास बाहेर आला.

"मग ती बोलते," ताई म्हणाली. "जाऊ नकोस म्हणते."

सेमिसीने उचललेले फासे खाली ठेवले.

"असं नाही, ताई. मग तो निघतच नाही. लढाईच होत नाही."

"न होऊ दे."

"खेळ पहिल्याच खेळीत संपतो. दुकानदाराला मी काय सांगू?"

"नियम कुणी केला?"

"मीच."

"मग पाळ की आता."

त्याला राग आला. बहिणीवर रागवायचं नसतं म्हणून तो शत्रूच्या होड्यांवर रागावला आणि त्या भराभर डब्यात टाकू लागला. "गोष्टीत ती गप्प बसते," तो डब्याकडे बघत म्हणाला. "आईने शंभरदा सांगितलंय."

"का गप्प बसते, ते सांगितलं का आईने?"

"नाही."

"तिला वाटलं, चार दिवसांत येईल माघारी." ताईने पातेल्यावर झाकण ठेवलं. "मलाही वाटलं होतं."

सेमिसीचा हात थांबला. त्याला बंदराचा धक्का आठवला, बोट आठवली. बाविसाव्या वर्षी तो ऑकलंडला कारखान्याच्या दोन वर्षांच्या कामावर निघाला तेव्हा सगळं गाव रडत होतं, आणि ताई एका बाजूला चटईवर बसून त्याच्याकडे नुसती बघत होती. ती नको म्हणाली असती तर तो गेला नसता. त्याला जाववलंच नसतं. पुढे दोनाची चार झाली, चाराची दहा, आणि रिकाम्या हातांनी घरी जायची लाज वाटायला लागली.

"सेमिसी."

"हां, ताई."

"सोमवारी माझ्याबरोबर घरी चल."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला टेबलावरचं रंगाचं फडकंच हाताशी आलं. त्याने पडद्याकडे तोंड केलं.

"हे कोण बोलतंय, ताई? खेळातली बहीण?"

"खेळ मघाशीच संपला."