उभ्या माणसाचं माप

"एक. दोन. तीन. बाबा, तुम्ही लंगडताय."

"लंगडत नाही. रुबाबात चालतोय."

"चौथ्या पावलाला रुबाब कळवळतो तुमचा."

दुकानाच्या दारापासून शिवणयंत्रापर्यंत बारा पावलं. शनिवारी चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत याच्या तिप्पट. लग्नाच्या पोशाखातल्या मुलीचा हात हातात घेऊन, सगळ्या मंडळीच्या देखत. आज सोमवार. ज्याला लहानथोर सगळे बूटमास्तर म्हणत, त्याच्या पायात त्याने स्वतः शिवलेले काळे बूट होते. आरशासारखे चकचकीत. उजव्या बुटात रक्त होतं.

"काढा तो बूट."

"काही झालेलं नाही."

"काढा म्हणते ना."

तो आपल्या बुटक्या स्टुलावर बसला. या स्टुलाचा त्याला भारी अभिमान. इथे बसून त्याने पाळकसाहेबांचे पाय मापले, न्यायाधीशांचे मापले, चर्चची घंटा वाजवणाऱ्याचे मापले. "मंडळीतला एक माणूस दाखवा, ज्याच्या पायाशी मी बसलो नाही," असं तो छाती पुढे काढून सांगे. "नम्रता मला कोणी शिकवू नये."

आणि रोज सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना एकच प्रार्थना. प्रभू, माझं ओझं कोणावर पडू देऊ नकोस. आमेन. शटर वर.

बूट निघाला. अंगठ्याचं नख निळं पडलेलं, करंगळीवरची भोवरी सोललेली. मुलगी भिंतीकडे वळली. भिंतीवरच्या खिळ्याला गिऱ्हाइकांच्या मापांचे कागद अडकवलेले होते. तिने चाळून चाळून त्याचा कागद काढला. पिवळा पडला होता.

"हे माप कोणी घेतलं?"

"मी."

"कसं?"

"कसं म्हणजे? इथे बसून."

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

हे इथे सांगायला हवं: बसलेल्या पायाचं माप खोटं. अंगाचा भार पडला की पाय पसरतो, म्हणून माणूस उभा हवा. आणि उभ्या माणसाला स्वतःचं माप घेता येत नाही. वाकला की भार सरकतो. दुसऱ्या कोणीतरी पायाशी बसावंच लागतं. मुलीला हे त्यानेच शिकवलं होतं. हा नियम बूटमास्तरने सगळ्या जगाला लावला, एक माणूस सोडून.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लहान मापाचे बूट घालताय?"

"चामडं सैल होतं हळूहळू."

"चामड्याचं सोडा. तुम्ही कधी होणार?"

तिने जमिनीवर कोरा कागद पसरला, कानावरची पेन्सिल काढली, गुडघे टेकले. "उभे राहा."

"ऊठ आधी. पाच दिवसांवर लग्न आहे तुझं. नवरीने माझ्या पायाशी बसायचं नाही."

"नवरी शनिवारी. आज कारागीर आहे."

"कोणीच बसायचं नाही. ते काम माझं."

"आणि प्रभू आला असता पाय धुवायला, शिष्यांचे धुतले तसे?"

बूटमास्तरने विचार केला. "पाणी मी भरून आणलं असतं."

"पाणी झालं. पाय?"

पाय त्याने स्टुलाखाली ओढून घेतले.

ती हसली नाही. पेन्सिल कागदावर ठेवली. "मग शनिवारी मी एकटी चालते, बाबा. तुम्हाला पहिल्या बाकावर बसवते. रक्ताळलेल्या बुटातून तुम्हाला वेदीपर्यंत नेणार नाही मी."

नेणार नाही, म्हणाली. तो आजवर समजत होता, की तो तिला नेणार आहे.

रस्त्यावरून एक सायकल गेली. मग दुसरी.

तो उभा राहिला.

कागद गार लागला. टाचेमागून पेन्सिल निघाली, तशी गुदगुली झाली, आणि ती लपवायला त्याने जबडा आवळला.

"बोटं आवळू नका."

"कुठे आवळलीत?"

"भार सोडा."

"सोडलाय की."

तिने मान वर केली. आवाज त्याचा काढला, हुबेहूब, गिऱ्हाइकासमोरचा: "सगळा भार खाली सोडा, साहेब. जमीन धरते. आपण धरायचं नाही."

हे तो रोज म्हणायचा. कधी कोणी त्याला म्हटलं नव्हतं.

खाली बघायची सोय नव्हती. बघितलं की भार सरकणार. तो समोर बघत राहिला. स्टुलावरून त्याला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसत. आज उघड्या दारातून रस्ता दिसला, समोरच्या छपरांवरचं आभाळ दिसलं. ओठांवर सवयीने सकाळचेच शब्द आले. प्रभू, माझं ओझं...

पुढचे शब्द पाठ होते. आले नाहीत. वाक्य तिथेच, अर्ध्या वर ढकललेल्या शटरसारखं राहिलं, आणि त्याने भार सोडला.

तोल गेला. हात मुलीच्या डोक्यावर पडला आणि तिथेच राहिला. पाय पसरला, पेन्सिलीची रेघ ओलांडून बाहेर आला. तिने रेघ खोडली, पुन्हा काढली. कोणी रस्त्यावरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाप लेकीला आशीर्वाद देतोय. तो पडू नये म्हणून तिला धरून होता.

आणि त्याला हसू यायला लागलं. पोटातून, खांदे हलवत, आवरता आवरेना.

"हलू नका! रेघ वाकडी जातेय." खालून तिचाही आवाज हसायला आलेला. "अहो बाबा, केवढा पाय आहे तुमचा!"

"आहेच मुळी," बूटमास्तर ताठ मानेने म्हणाला. हात मात्र त्याने काढला नाही.