अण्णांची धाकटी

अण्णांनी कोल्हापुरात मातीच्या कोर्टावरची टेनिस स्पर्धा सुरू केली, तेव्हा शर्वरी तीन वर्षांची होती. आई त्या स्पर्धेला 'तुझी धाकटी बहीण' म्हणायची. या धाकटीनं मोठीचे वाढदिवस, शाळेतली गॅदरिंगं आणि अण्णांच्या सगळ्या संध्याकाळी पळवल्या. आता तिथं देशोदेशीचे व्यावसायिक खेळाडू येत होते, आणि अण्णा गेल्यावर यंदा करंडकाला त्यांचं नाव दिलं होतं.

तो करंडक द्यायला शर्वरीला बोलावलं होतं. शेजारी लतिका घोरपडे बसली होती. ही स्पर्धा जिंकणारी गावातली पहिली मुलगी, अण्णांची लाडकी शिष्या. शर्वरी तिच्याकडे न बघता अंतिम सामना बघत राहिली.

"लहानपणी मला तुमचा फार राग यायचा," लतिकाच म्हणाली.

"माझा?"

"मग काय! सहा वाजले की सर आम्हाला हाकलायचे. 'चला, पळा, घरी माझी लेक जेवायची थांबलीय.' एवढी कोण महाराणी लागून गेलीय, असं वाटायचं!"

शर्वरी खरंच थांबायची, ताटावर पेंगत. "ते नऊच्या आत कधीच आले नाहीत," ती म्हणाली.

लतिका विचारात पडली. "सकाळी कोर्ट झाडून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार असायचं. आम्हाला वाटायचं, माळी करतो."

"माळी? क्लबाला माळी परवडत नाही, हे रडगाणं आईनं आयुष्यभर ऐकलं."

"म्हणजे आपल्या दोघींनाही बनवलं की सरांनी!"

अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच शर्वरीला हसू आलं. मग दोघी मिळून समोरच्या लाल मातीवर जळत बसल्या.