कुंपणापलीकडच्या टोपल्या

१८१६ साली इंग्लंडात उन्हाळा आलाच नाही. म्हाताऱ्या राजाचं डोकं फिरलं होतं, राजपुत्र कारभार बघत होता, आणि हेरेफर्डशरची माणसं म्हणत, सूर्यानंही आपलं काम दुसऱ्या कुणावर सोपवलंय.

जूनमधल्या एका गारठलेल्या सकाळी थर्झा मॅडॉक्स ओली चादर हातात धरून काटेरी कुंपणाशी उभी होती. पलीकडे सायलस प्रॉसर आपल्या मधमाश्यांशी बोलत होता.

"ऐका गं बायांनो. पलीकडच्या बाई काल चर्चमध्ये निळी टोपी घालून आल्या होत्या. माझ्या बाकाकडे बघायचं नाही म्हणून मान इतकी ताठ धरली, की प्रवचनभर मलाच दुखत होती."

थर्झाला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. घरातला जन्म, लग्न, मरण माश्यांना सांगावंच लागतं. माश्या ज्या गवती टोपलीत पाळतात, तिच्यावर घराच्या किल्लीनं तीनदा टकटक करायची आणि सांगायचं. नाही सांगितलं तर त्या रुसून निघून जातात, नाहीतर मरतात. पण माश्यांना सांगितलेलं परक्यानं ऐकू नये. ते चोरून घेतल्यासारखंच.

दोघांचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. जमीनदाराच्या हवेलीवर कुणाचा मध जायचा यावरून आधीपासून चढाओढ होतीच. त्यात थर्झाच्या टोपलीतून उठलेला थवा सायलसच्या सफरचंदाच्या झाडावर बसला. ती रिवाजाप्रमाणे कढई बडवत मागोमाग धावली. तोवर त्यानं थव्यावर आपली टोपली पालथी घातली होती.

"कढई बडवली म्हणून माश्या तुमच्या होत नाहीत, मिस मॅडॉक्स."

"आणि झाड तुमचं म्हणून तुमच्याही होत नाहीत, मिस्टर प्रॉसर."

ते शेवटचं बोलणं.

१८१६च्या फेब्रुवारीत सायलस ब्रिस्टलला भावाकडे गेला असताना त्याची आई वारली. शेजारणींनी म्हातारीला न्हाऊ घातलं, आरसे झाकले. माश्यांची आठवण झाली ती एकट्या थर्झाला. बर्फ तुडवत ती त्याच्या फाटकापर्यंत गेली. पण मनात आलं, माझ्याच माश्या याच्या टोपलीत, आणि त्यांना मी सांगू? ती तशीच परत आली. सायलस आठ दिवसांनी आला.

त्यानंतर कितीतरी रात्री तिचा डोळा लागला नाही. म्हणून मे महिन्यात त्याचा आवाज पहिल्यांदा पलीकडून ऐकू आला, तेव्हा तिच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे माश्या तगल्या होत्या.

गुणगुण काही ऐकू यायची नाही. पण त्या वर्षी गुणगुण होती कुठे? सततचा पाऊस, बोचरा वारा. तिच्या स्वतःच्या माश्याही दाराबाहेर पडत नव्हत्या. जत्रेत तर गावात कुणाकडेच मध नव्हता.

"दोन चादरी वाळत घालायला तासभर?" घरातून डेब्रा मावशी ओरडायची. "विणतेयस की काय तिथं?"

"ऊन नाही, मावशी."

"ऊन आलं की कळव हो मला. मरायच्या आधी एकदा बघीन म्हणते."

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सायलस माश्यांना सांगायचा, की आईविना घर खायला उठतं. कधी म्हणायचा, तो थवा त्याच दिवशी परत द्यायला हवा होता, पण गर्व आडवा आला. मोठ्यानं बोलायची त्याला सवयच होती. थर्झा ऐकायची आणि दर रविवारी देवाकडे क्षमा मागायची.

सप्टेंबरात एके दिवशी तो म्हणाला, "बायांनो, महिनाअखेर मी ब्रिस्टलला जातोय. कायमचा. तुम्हाला पलीकडच्या बाईंच्या हवाली करावं म्हणतो, पण विचारू कसा? आई गेली तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या होत्या. फाटकाजवळच्या पायवाटेनं मला सांगितलं. बर्फात खोल पावलं उमटली होती, ती वितळली नव्हती. येऊन परत गेल्या. पण आल्या होत्या."

थर्झाच्या हातातली चादर चिखलात पडली. आता गप्प राहिलं तर पुन्हा फाटकावरूनच परत फिरल्यासारखं होणार होतं.

"मिस्टर प्रॉसर," ती कुंपणातून म्हणाली, "माश्या विकू नयेत. अपशकुन असतो."

सायलस कुंपणाजवळ आला.

"विकत नाहीये. देतोय."

"देऊही नका. त्यांना राहू द्या तिथंच. आणि... तुम्हीही राहा."

"तुम्ही ऐकत होतात?"

"कपडे वाळत घालत होते."

"चार महिने?"

"ऊन नव्हतं ना!" ती म्हणाली आणि रडायला लागली.

तीन रविवार पाद्रीबाबांनी चर्चमध्ये दोघांची नावं पुकारली. कुणाची हरकत निघाली नाही. ऑक्टोबरात लग्न झालं.

डेब्रा मावशी पुढे तीन उन्हाळे बघून गेली, आणि तिन्हींत उकडतंय म्हणून कुरकुरली. कुंपण तोडलं. दुसऱ्या वर्षी थर्झाचा थवा उठून त्याच सफरचंदावर बसला; तेव्हा कुणी कढई बडवली नाही. सायलस १८४१ मध्ये गेला. थर्झानं त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, टोपल्यांवर काळी फीत बांधून माश्यांना सांगितलं. ती त्याच्यामागे अकरा वर्षं जगली.

चोरून ऐकल्याबद्दल तिनं नवऱ्याची माफी मात्र कधी मागितली नाही. मागायचं ठरवलं होतं, ते लग्नाच्या दिवशी. त्या सकाळी केकचा तुकडा आणि घराची किल्ली घेऊन ती एकटीच त्याच्या टोपल्यांपाशी गेली. रिवाजच होता. पहिल्या टोपलीवर तिनं तीनदा टकटक केलं, कान लावला, आणि मग टोपली उचलली. मग दुसरी. मग तिसरी. तळाशी मूठमूठ वाळलेल्या माश्या होत्या, आणि त्यांच्यावर उंदरानं हिवाळ्यात बांधलेलं, केव्हाच सोडून दिलेलं घरटं. म्हणजे मे महिन्यापासून तो बोलत होता, ते ऐकायला कुंपणापलीकडे ती एकटीच होती.