ढब्बूची जांभई

ढब्बूने तोंड भरून जांभई दिली आणि भर लढाईत आडवा झाला.

"गेला," घड्याळजी म्हणाला.

"गेला कुठला, झोपलाय," वाटाणे सोलता सोलता बायको म्हणाली.

"एकच ते. लढाईत झोपला तो गेला."

सहा आठवडे हेच चाललं होतं. डोळे साथ देईनात म्हणून घड्याळजीने दुकान बंद केलं, त्याला वर्ष झालं. डोळे थकले, पण हातांना कोण समजावणार? लेकीने सासरी जाताना मागे ठेवलेलं खेळाचं यंत्र त्या हातांना सापडलं, आणि चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडणारा माणूस राक्षस पकडत सुटला. चांगले दोनशे पकडले. खेळातली गोष्ट संपली, पडद्यावर नावांची यादी वर सरकून गेली. शहाणा माणूस तिथे उठला असता. पण खरी मारामारी म्हणे त्यानंतरच असते. गोष्ट संपली की एक मनोरा उघडतो आणि त्याच्या माथ्यावर एक बाई ठाण मांडून बसलेली असते. मनोऱ्याची मालकीण. ती काही हरायला तयार नव्हती.

"आणि हे मागचं कुलूप लावलेलं दार कसलं?" बायकोने पहिल्याच दिवशी पडद्यावर बोट ठेवून विचारलं होतं. तिला वाचता यथातथाच येई, पण कुलूप ओळखायला शाळा लागत नाही.

"ही बाई हरली की ते उघडतं. पुढे आणखी शंभर मजले आहेत. पण आधी ही हरू तर दे."

"शंभर," बायको म्हणाली आणि पीठ मळायला गेली.

नियम तिनेच घातला. दिवसाला एक लढाई, आणि लढाईआधी घरातलं एक काम. काम होईपर्यंत यंत्र तिच्या मांडीवर.

"फुकट काही मिळत नाही," ती म्हणाली. "राजाला मिळत नाही, तुम्हाला कुठून मिळणार?"

घड्याळजीने भांडी घासली, पंखे पुसले, माळा उपसला. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, पण घरात झाडू कुठे टांगतात हे त्याला या सहा आठवड्यांत कळलं.

तयारीत मात्र कसूर नव्हती. कुठला राक्षस कुणापुढे टिकतो, याचं वहीत टिपण असे. सगळी मदार ढब्बूवर. दिसायला दगडी कासव, पण उठला तर डोंगर हलवेल असा. सकाळी घड्याळजी त्याला टेकडीवरून पळवून आणी आणि मग उपाशी ठेवी.

"या जातीचं पोट भरलं की सुस्ती येते," त्याने बायकोला समजावलं.

"बागेत फळांचा ढीग पडलाय आणि बिचाऱ्याला उपाशी लढवता? पाप लागेल."

"अगं, चित्र आहे ते."

"मग चित्रापायी उरलेसुरले डोळे कशाला फोडून घेता?"

तरी ढब्बू जांभई देतच राहिला. मालकीण झोपेचा मंत्र टाकते, असं घड्याळजीच्या मनाने घेतलं. त्याने तीन दिवस खपून जागरणाची घंटा मिळवली आणि ढब्बूच्या गळ्यात बांधली. ढब्बू घंटेसकट घोरला.

"उद्या बघू," बायको म्हणाली. "उद्या ओट्यामागच्या फरशा घासा."

बुधवारी तिचा धाकटा भाऊ आला. गोदामावर मुकादम, आवाज तसाच. भावोजी स्टुलावर चढून जळमटं काढताना बघून तो दारातच हसत सुटला.

"भावोजी, ही कुठली नोकरी धरली? पगार तरी देते का ताई?"

सगळी हकिकत ऐकून तो आणखी हसला. "चित्रातली बाई हरवता येत नाही तुम्हाला?"

"चित्रातली हरेलसुद्धा," घड्याळजी स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाला.

"मग रविवारी माझ्यासमोर हरवा. नाही जमलं तर ते यंत्र माझ्या पोरींना द्यायचं. बोला!"

"ठरलं!" घड्याळजी बोलून गेला. मागाहून त्याचं तोंड उतरलं.

स्वयंपाकघरात एक झाकण खणकन खाली पडलं.

रविवारी मुकादम चहा घेऊन समोर बसला. घड्याळजी सवयीने झाडू घ्यायला उठला, तशी बायकोने त्याला अडवलं.

"आज काम राहू द्या. पाहुण्यादेखत घरच्या धन्याच्या हातात झाडू शोभत नाही." तिने यंत्र तसंच त्याच्या हातात ठेवलं. "आणि हरून माझं नाक कापू नका."

घड्याळजीने बटण दाबलं. ढब्बू समोर उभा राहिला. मालकिणीने वीज पाडली. घंटा वाजली. घड्याळजीने डोळे मिटून घेतले.

जांभई आली नाही. ढब्बू असा काही उधळला की तिसऱ्या धडकेला मालकीण मनोऱ्यावरून थेट खाली. मागच्या दाराचं कुलूप गळून पडलं.

घड्याळजीने चष्मा काढला, पुसला आणि पुसतच राहिला.

"नशीब," मुकादम पुटपुटला.

"नशीब कसलं?" बहिणीने त्याला झाडलं. "सहा आठवड्यांची मेहनत आहे ती! तुझ्याच्याने बायकोचं एक ताट उचलवत नाही, तू नको सांगूस."

सोमवारी सकाळी ढब्बूला टेकडीवरून पळवून घड्याळजी शीळ घालत आला. "आज पहिला मजला!"

"आधी खिडक्या. पुढच्या दोन तरी पुसा."

"आत्ता पुसतो!" त्याने यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि बादली उचलली. "ढब्बू उपाशी आहे हं. हात लावू नकोस कशाला."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

न्हाणीघरात नळ सुरू झाला. बायकोने ओले हात पुसले, पाठ झालेली तीन बटणं दाबली आणि रोजच्यासारखी पाच कलिंगडं एकेक करून ढब्बूला भरवली.