तेलाची वाट

बोटीच्या इंजिनाचं बेअरिंग दुसऱ्यांदा जळून इंजिनासकट वर्कशॉपमध्ये परत आलं. सुनेने ते त्याच्या जागी ठेवून पाहिलं. बेअरिंगचं छिद्र इंजिनातल्या तेलाच्या छिद्रासमोर येतच नव्हतं. मग तेल आत शिरणार कुठून? दोन्ही वेळा छिद्र सासऱ्यांनी पाडलं होतं.

"मालच वाकडा आला असेल, बाबा," ती म्हणाली. "या खेपेला मी करते."

"चाळीस वर्षं करतोय मी हे. सरक बाजूला."

ती ड्रिल मशीनसमोरून तसूभरही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने नव्या बेअरिंगला माप धरून छिद्र पाडलं, तेल सगळीकडे पसरावं म्हणून आतून खाच कोरली आणि ते इंजिनात बसवलं. मग ती हाताने तेलाचा पंप फिरवू लागली. सासरे बेअरिंगपाशी वाकून बसले होते.

पंप फिरत राहिला.

"आलं का गं तेल?" शेवटी त्यांनी विचारलं.

त्यांच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर, बेअरिंगमधून तेलाची धार लागली होती.

"आलं, बाबा. आता हात धुवा आणि चला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी कालच नंबर लावलाय."