धुऱ्यापलीकडचं रान

"धुरा मोडू नका बाप्पा. वावर अन् देवीचं रान, यांच्या मधात चार हात जागा खरडून मोकळी ठेवा," माणिकबाईंच्या सासूबाई दरवर्षी औताआधी मुलाला, खुशालरावांना, बजावत.

यंदा सासूबाई नव्हत्या. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई लागली आणि इकडं कापसाला कधी नव्हे तो भाव चढला. खुशालरावांनी धुराही नांगरला, रानाला भिडून पराटी लावली. वेचणी संपल्यावर वाळल्या पराट्या वावरातच पेटवल्या. आगीला अडवायला मोकळी जागा नव्हती. रान दोन दिवस जळत होतं.

तिसऱ्या सकाळी माणिकबाई नेमाप्रमाणे देवीला पाणी घालायला आल्या. शेंदूर काळा पडला होता. नवरा आणि सालदार नत्थुजी आधीच राखेत उभे होते.

"आता रान कुठं राह्यलं?" खुशालराव म्हणाले. "खोडं खणून काढू. मिरगाले पराटी लावू."

"अन् देवी?"

"तिले गावात चुन्याचं देऊळ बांधून देतो. इथं कोण येते तिच्यापाशी? तू अन् माकडं."

नत्थुजी हळूच म्हणाला, "सागाचं खोड जळते मालक, मूळ नाही जळत. पाणी भेटलं तं फुटवे येतात."

"तुले कोणं इचारलं? रानाचा वैद्य हायेस काय?"

माणिकबाईंनी तांब्यातलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं. नत्थुजीनं मान खाली घातली. संकल्पाचं पाणी पडलेल्या जमिनीत व्रत पुरं होईतो कोणी औत घालत नसे.

"फुटवे येईतो रोज पाणी घालीन. तोवर एकभुक्त राहीन," त्या देवीला म्हणाल्या आणि पाणी राखेत सोडलं. तांब्यातलं उरलेलं देवीवर ओतलं.

"काय करून राहिली तू?" खुशालरावांचा आवाज उतरला.

"झालं."

खुशालराव ओल्या राखेपासून दोन पावलं मागं सरले.

"मिरगापर्यंत थांबतो," ते शेवटी म्हणाले. "मंग हिरवं नाही दिसलं, तं तुह्या व्रतासकट नांगरतो. पाप लागलं तं लागलं. नदी पाऊण कोस हाय. अन् खोडं किती हायेत, पाह्यलं?"

"पाह्यलं."

माणिकबाईंनी जवळच्या खोडावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. आत अजून विस्तव होता. पदर खोचून, रिकामा तांब्या घेऊन त्या नदीच्या वाटेला लागल्या. पहिलं पाणी विझवण्यातच जाणार होतं.