भिंतीकडे तोंड

बदकांचं गाणं मधेच तुटलं आणि फोनमधून एका बाईचा लाडिक आवाज आला, "एकटं वाटतंय? ये ना, बोलू या." शिंपिणीचा पाय मशीनवर जागच्या जागी थांबला. तिने लेकीला बदकं लावून दिली होती. पाच बदकं, एक तळं आणि एक म्हातारी बेडकीण, बास.

माप द्यायला आलेल्या बँकेतल्या बाईंनी स्टुलावर बसल्या बसल्या भुवया चढवल्या. "लेकराला हे असलं दाखवता?"

"बदकंच होती हो," म्हणत शिंपीण अर्धी शिवलेली बाही टाकून कोपऱ्याकडे धावली.

कापडांच्या ढिगामागे फोन पालथा पडला होता. तिने उचलून पाहिला. एक बाई पलंगावर बसून एकेक बटण काढत होती. पोर अजून पाच वर्षांचीही नव्हती. कामाची घाई म्हणून आपणच हे तिच्या हातात दिलं, आणि कधीपासून देतोय कोण जाणे. मेल्यांना लहान मुलांची बदकंच सापडली का असल्या जाहिराती घुसवायला?

"ठमे, कुठे आहेस?"

ठमी तिथेच होती. इस्त्रीच्या टेबलामागे, भिंतीला नाक लावून, दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून.

"काय पाहिलंस तू?" शिंपिणीने जवळ जाऊन विचारलं.

"काही नाही."

"खरं सांग. मी रागवणार नाही."

"कशी बघणार?" ठमी भिंतीलाच म्हणाली. "ती मावशी कपडे बदलतेय ना. तूच सांगितलंयस, कुणी कपडे बदलत असलं की भिंतीकडे तोंड."

एका खोलीचं दुकान. कपडे घालून बघायला कोपऱ्यात एक पडदा, तोही आखूड. पोर रांगायला लागली तेव्हापासून शिंपिणीने तिला हा नियम घोकून घोकून शिकवला होता. एरवी एक शब्द न ऐकणाऱ्या कार्टीने नेमका तोच पाळला होता. शिंपीण मटकन खाली बसली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. बँकेतल्या बाईसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

"रोज येते ही मावशी?"

"कधीमधी. पण फार वेळ लावते बाई. झालं का तिचं?"

शिंपिणीने फोन बंद करून कात्रीच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप घातलं. मग बटणांचा डबा जमिनीवर पालथा केला.

"झालं. वळ आता. आजपासून ही तुझी बदकं."

ठमी वळली, मांडी घालून बसली. पिवळी पिवळी बटणं वेचता वेचता मधेच थांबली आणि तिने बंद खणाकडे पाहिलं.

"आई, तिच्या दुकानात पडदा नाहीये का गं?"